गिऱ्हाइकाचं आहे

माणसाला छाती देव देतो असे कुणी म्हणाले की कटिंग मास्तर हसायचे. त्यांच्या मते देव नुसता सांगाडा देतो. छाती शिंपी बांधतो. उभी हयात त्यांनी हाच उद्योग केला होता. गिऱ्हाइकाचे खांदे पडलेले असोत, पोट सुटलेले असो की पाठीला पोक आलेला असो, मास्तर आत कॅनव्हासचे थर चढवायचे, खांद्यात पॅड बसवायचे, वाफेच्या इस्त्रीने सगळे वळणावर आणायचे, आणि कोटात शिरलेला घाबरट कारकून आरशात स्वतःलाच सलाम ठोकेल असा दिसायचा. "श्वास घ्या. छाती काढा. आता सोडू नका," असे म्हणत मास्तर मागून दोन्ही तळव्यांनी खांदे सपाट करायचे, मानेपासून बाहेर, मग पाठीच्या मध्यावरून खाली. कोटाच्या आत काय आहे ते गिऱ्हाइकाला आणि मास्तरांना, दोघांनाच ठाऊक असायचे. दोघेही ते कुठे बोलायचे नाहीत.

त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात कायम एक पितळी अंगुस्तान असायचे, सुई ढकलताना बोट फुटू नये म्हणून शिंपी घालतात ती टोपी. सुई हातात असो वा नसो, अंगुस्तान बोटात. पूर्वी जेवताना तेवढे काढावे लागे, कारण त्याशिवाय बायको ताट पुढे सरकवायची नाही. ती गेल्यापासून जेवतानाही ते बोटातच राहू लागले. अंघोळीला काढायचे, एवढीच काय ती मेहेरबानी.

अशा माणसाच्या राज्यात, म्हणजे कोटांच्या कारखान्यातल्या कटिंगच्या खोलीत, कंपनीने झुंबर आणून टांगले.

झुंबर म्हणजे नवा डिझायनर. त्याच्या डाव्या कानात एक लोंबता डूल होता आणि बोलताना तो हलायचा, म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवले. ते इतके चपखल बसले की मॅनेजरसाहेबही त्याला त्याच नावाने हाका मारू लागले. पोराने अंगाला लावून घेतले नाही. उलट दुसऱ्या दिवशी आणखी मोठा डूल घालून आला. तो पुरुषांचे कपडे करायला आला होता, आणि पहिले काम काय केले, तर मास्तरांच्या एका कोटाचे खांदे उसवून आतले पॅड टेबलावर मांडले.

"मास्तर, हे कशाला?"

"खांदा दिसायला."

"खांदा तर आहेच की माणसाला."

"तुला असेल," मास्तर म्हणाले. "सगळ्यांना नसतो."

झुंबरला आणखी एक खोड होती. सकाळी आला की तो भेटेल त्याला मिठी मारायचा. ड्रायव्हरला, पहारेकऱ्याला, एकदा तर दारात उभ्या असलेल्या कुरिअरवाल्यालाही, आणि तो बिचारा पार्सल कुठे ठेवावे ते विसरला. मास्तरांनी मात्र पहिल्या दिवसापासून बंदोबस्त केला होता. झुंबर दिसला की ते कटिंगच्या टेबलाच्या पलीकडे जायचे. टेबल चांगले रुंद होते.

मग मागच्या खोलीत यंत्र आले. ते कोट शिवत नसे, विणत असे. एका बाजूने धागा आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने अख्खा कोट बाहेर यायचा, बाह्यांसकट, कॉलरीसकट. मास्तरांनी पहिला कोट हातात घेतला, उलटा केला, खांद्याची शिवण शोधली. शिवणच नव्हती. कॅनव्हास नाही, पॅड नाही, अस्तर नाही. उचलला तर हातातून ओघळत होता. "हा कोट नाही," ते म्हणाले, "ही कोटाची साल आहे." पण मापे आणि वळणे यंत्राला कुणीतरी द्यावी लागत, आणि ती मास्तरांइतकी कुणाला येत नव्हती. म्हणून मास्तर यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. तोंडाने कुरकुर चालू आणि हाताने काम चालू, असा त्यांचा दिवस जाई.

खरी गंमत धाग्यात होती. कापड दिसायला साधे, पाटीच्या रंगाचे. पण उघडा तळवा त्यावर क्षणभर टेकला की तळव्याची ऊब आणि त्याचा किंचित ओलावा धाग्याला एकदम कळायचा, आणि तेवढी जागा विटकरी व्हायची. हाताचा अख्खा ठसा उमटायचा, बोटांसकट. इस्त्रीला कापड दाद देत नसे, पावसाला नाही, धातूलाही नाही. आतल्या अंगाची ऊब त्याला लागू नये म्हणून आतून वेगळा थर होता. ठसा गार पाण्यात धुतला की जाई, नाहीतर तसाच राही.

"पण हे कशासाठी?" साहेबांनी विचारले होते. कपाळाला हात लावायचेच बाकी ठेवले होते त्यांनी.

"पुरुषाचा कोट आजवर सांगत आला, लांब राहा," झुंबर म्हणाला. "हा सांगेल, कोण जवळ आलं होतं."

मास्तरांनी नाक मुरडले. शोभेची वस्तू म्हणून ठीक आहे, असे त्यांना वाटले. बाकी पुरुषमाणसाने अंगावर बोटांचे ठसे घेऊन हिंडायचे म्हणजे सॉस सांडलेला शर्ट घालून लग्नाला जाण्यासारखे.

कापडाची परीक्षा घ्यायची ठरली. चार जणांनी आठवडाभर हे कोट घालून नेहमीसारखे राहायचे: ड्रायव्हर, पहारेकरी, साहेब आणि मास्तर. मुद्दाम कुणाला हात लावायला सांगायचे नाही, लावला तर अडवायचे नाही. झुंबरने मात्र तेवढा आठवडा मिठ्या बंद ठेवायच्या, म्हणजे सगळ्यांवर त्याचेच ठसे नकोत. आठवड्यानंतर मालक येऊन कोट पाहणार होते.

"कोट बोलले पाहिजेत," साहेबांनी दम भरला. "कोरा आला तर मालक म्हणतील कापड नापास. मग यंत्र परत आणि त्याच्या मागोमाग झुंबरही परत."

"कोरा आला तर तोही निकालच आहे," झुंबर म्हणाला.

"तो निकाल तू मालकांना समजावून सांग," साहेब म्हणाले.

मास्तरांनी खूप आढेवेढे घेतले. पण आरसा समोर होता आणि कोट त्यांच्याच वळणाने विणलेला होता. त्यांनी तो चढवला. तो अंगावर इतका हलका बसला की त्यांना उगाच उघडे पडल्यासारखे वाटले.

पहिल्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कोट काढला आणि खुंटीवर लावून पाहिला. बटणांपाशी आणि खिशांपाशी विटकरी डाग होते. ते त्यांच्याच बोटांचे, त्यांचे काय कौतुक. पाठ कोरी होती, खांदे कोरे होते. पहिलाच दिवस आहे, असे म्हणून त्यांनी भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम न्हाव्याकडे गेले. न्हावी बोलका, हात सारखा चालू. पण त्याने आधी चादर झटकली आणि मास्तरांना गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकून टाकले. डोक्याला भरपूर मालिश झाले. कोट कोरा. त्यानंतर गुडघ्याचे निमित्त काढून ते डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टर म्हणाले, "कोट काढून ठेवा तिकडे." बसमध्ये माणसे खेटून उभी होती, पण खेटत होते ते कपड्यांना कपडे. तळवा सगळ्यांचा दांडीला.

साहेब जाता-येता म्हणायचे, "मास्तर, काय वळण दिलंय! तुमची पाठ थोपटायला पाहिजे." हे वाक्य मास्तर वर्षानुवर्षे ऐकत आले होते. या वेळी ते ऐकल्यावर ते काहीतरी शोधत असल्यासारखे पाठमोरे झाले आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले. मागून साहेबांचा आवाज आला, "हॅलो? हो, बोला," आणि तो आवाज जिन्याने खाली गेला.

मास्तरांना स्वतःचेच हसू आले. हसू आले आणि मग ते ओसरले, आणि त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला शेवटचा हात कुणी लावला ते आपल्याला आठवत नाही. बायकोचाच असणार. ती जाता-जाता कॉलर नीट करायची, नीट असली तरी. शिंप्याची कॉलर बिघडलेली कशी असेल? तेव्हा ते वैतागायचे.

मुलगा होता. तो काही दूरदेशी नव्हता, बसच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. सुट्टीच्या दिवशी मास्तर त्याच्याकडे जात. मुलगा गुणी होता, सूनही गुणी होती, चहा वेळेवर यायचा, औषधांची चौकशी व्हायची. पण मुलगा बापासमोर उभा राहिला की त्याचे हात पाठीमागे जायचे किंवा खिशात जायचे. लहानपणापासूनची सवय. ती कुणी लावली हे मास्तरांना ठाऊक होते, पण त्यांनी त्याकडे कधी सवय म्हणून पाहिले नव्हते, वळण म्हणून पाहिले होते.

कंपनीत लागण्याआधी मास्तरांचे स्वतःचे दुकान होते; त्या काळी दुकान आणि घर एकच. जिकडे पाहावे तिकडे लोकांचे कोट टांगलेले. रांगत्या वयापासून पोराने एकच मंत्र ऐकला होता, "हात लावू नकोस, गिऱ्हाइकाचं आहे." पोराला शाळेत घातले तेव्हाची गोष्ट. मास्तर एका बड्या गिऱ्हाइकाचा पांढरा कोट स्वतः चढवून पाठीचा झोल पाहत होते, आणि पोरगे शाळेतून धावत आले, दप्तर टाकले आणि बापाच्या कमरेला मिठी मारायला झेपावले. हाताला शाई होती. मास्तर असे ओरडले की पोर जागच्या जागी थिजले. कोट वाचला. त्यानंतर पोरगे दुकानात हात पाठीमागे बांधूनच फिरू लागले, आणि येणारी-जाणारी माणसे म्हणायची, काय शिस्तीचा मुलगा आहे! बायको गेली त्या दिवशीही तो असाच शेजारी उभा होता, हात पाठीमागे. मास्तरांच्या अंगात त्या दिवशी घरातला जुना सदरा होता. गिऱ्हाइकाचे अंगावर काहीएक नव्हते.

सुट्टीच्या दिवशी मास्तर तो पाटीच्या रंगाचा कोट घालून मुलाकडे गेले. मुलाने दार उघडले. "या, बाबा. नवा कोट?" तो म्हणाला. मास्तरांच्या खांद्यावर एक पांढरा धागा चिकटला होता, शिंप्याच्या अंगावर असतोच. मुलाचा हात खिशातून निघाला, धागा उचलायला वर आला, आणि मास्तरांच्या तोंडून सवयीने निसटले, "अंहं, हात लावू नकोस. कंपनीचा आहे."

हात परत खिशात गेला. "हो का," मुलगा म्हणाला. "बसा, चहा टाकायला सांगतो."

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. जीभ चावून आता काय उपयोग होता?

आठवडा संपला. मालक यायच्या दिवशी मास्तर सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचले. कोट कोरा होता. तो तसाच रांगेत लागणार, सगळे बघणार, आणि त्याखाली त्यांच्या कामाची चिठ्ठी असणार: कटिंग मास्तर. झुंबरची नोकरी वाचवायची म्हणून आपण हे करतोय, असे त्यांनी मनाला बजावले. मनाने ते फारसे ऐकून घेतले नाही.

त्यांनी कोट पुतळ्याला घातला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले.

आणि मग अडले. माणूस माणसाला हात लावतो तो नेमका कुठे लावतो? काही काम नसताना, माप घ्यायचे नसताना हात कुठे ठेवतात? मास्तरांना सुचेना. शेवटी हात आपले आपण चालू लागले. मानेपासून बाहेर, दोन्ही खांद्यांवर. पाठीच्या मध्यावरून खाली. रिकाम्या बाहीला दंडापाशी चिमटीत धरून. कमरेला दोन्ही बाजूंनी. जिथे जिथे तळवा टेकला तिथे तिथे कापड हळूहळू विटकरी होत गेले, आणि मास्तरांना ते पाहताना बरे वाटले. लाज वाटली आणि बरेही वाटले.

त्यांना एक जुना वकील आठवला. त्याचा कोट पहिल्या ट्रायललाच बसला होता, तरी तो पुन्हा पुन्हा यायचा. "पाठीत जरा बघा हो, मास्तर." मास्तर तळवा फिरवून म्हणायचे, "काही नाही, छान बसलाय." वकील डोळे मिटून उभा असायचा. त्याच्या माघारी मास्तर त्याला वेडा म्हणायचे. आता त्यांचा तळवा पुतळ्याच्या पाठीवर होता तो जरुरीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला. पुतळ्याला ना डोके ना हात. त्याच्याकडून कसली अपेक्षा करणार?

अकराच्या सुमारास मालक आले तेव्हा चारही कोट दांडीवर ओळीने टांगले होते. मालकांच्या अंगात मास्तरांनीच पूर्वी बांधलेला कोट होता, खांदे दाराच्या चौकटीएवढे.

ड्रायव्हरचा कोट पाहून सगळे हसत सुटले. मागच्या बाजूला खालपासून वरपर्यंत चिमुकले पंजे, आणि कॉलरीवर दोन, पोरगी गळ्याला लोंबकळली असणार. "घरी गेल्यावर माझा झोपाळा होतो, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. पहारेकऱ्याच्या खांद्यांवर दोस्तांच्या थापांचे थरच्या थर होते. मॅनेजरसाहेबांचा कोट जवळजवळ कोरा; फक्त उजव्या कोपराशी एका लहान हाताची पकड होती, पुन्हा पुन्हा त्याच जागी. "आईला जिना उतरवतो रोज," साहेब पुटपुटले आणि उगाच खोकले.

मग सगळे मास्तरांच्या कोटापाशी आले, आणि मालकांनी अक्षरशः तोंडात बोट घातले. खांदे भरलेले, पाठ भरलेली, दंड, कंबर, सगळीकडे हात. "अरे, हा कुणाचा? मास्तरांचा? या वयात एवढी माया! आम्हाला सांगितलं नाहीत कधी." ड्रायव्हर आणि पहारेकरी मास्तरांकडे नव्या नजरेने बघू लागले. मास्तर जमिनीकडे बघत होते.

झुंबरही हसत पुढे आला होता. तो कोटाजवळ गेला, वाकला, आणि त्याचा डूल हलायचा थांबला. उजव्या हाताच्या प्रत्येक ठशात मधले बोट अर्धेच होते. वरचे पेर कुठेच उमटले नव्हते. त्याने मान वळवून मास्तरांच्या हाताकडे पाहिले. पितळी अंगुस्तान जागच्या जागी होते. मास्तरांनीही त्याच वेळी खाली पाहिले. आयुष्यभर बोटात असलेली वस्तू. ती काढायची असते हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

"हाच कोट सगळ्या दुकानांत पुढे लावायचा," मालक सांगत होते. "शेजारी मास्तरांचा फोटो. खाली लिहा, सगळ्यांचे लाडके मास्तर."

"तो नको," झुंबर म्हणाला.

"का रे?"

"त्या कोटात खोट आहे. कुणी हात न लावताच रंग आलाय. धाग्याचा दोष."

मास्तरांनी चमकून वर पाहिले. पोरगे सरळ त्यांना पाठीशी घालत होते, आणि त्यासाठी स्वतःच्या कापडाचा बळी देत होते. मालकांचा चेहरा उतरला. "म्हणजे आपोआपही रंग येतो? मग बाकीच्या तिघांचं तरी काय खरं? आम्ही येड्यासारखे हसतोय इथं." ते साहेबांकडे वळले. "गुंडाळा हे. यंत्रवाल्यांना फोन लावा."

झुंबर गप्प उभा होता. मास्तरांना वाटले, आपणही गप्प राहावे. दोन मिनिटे मूग गिळून बसले की झाले, कुणाला काही कळणार नव्हते. पण कापडाला कुणी नाहक दोष दिला की तो त्यांना जिव्हारी लागायचा, आणि आज दोष कापडाला लागत होता तोही त्यांच्यापायी.

"कापडात खोट नाही," ते म्हणाले.

कुणाला नीट ऐकू गेले नाही. मास्तरांनी अंगुस्तान असलेला हात वर केला आणि कोटावरच्या एका ठशाशेजारी धरला. "हे सगळे हात माझे आहेत. आज सकाळी पुतळ्याला घालून मीच उमटवले. आठवडाभर घातला होता, कोराच राहिला. तो कोराच राहणार होता. कापड खरं बोललं, मी खोटं बोललो." त्यांनी हात खाली घेतला. "मला हात लावणारं आता कुणी नाही, एवढंच आहे ते."

पहारेकऱ्याने टोपी काढून परत घातली. मालकांनी कोटाकडे पाहिले, मास्तरांच्या हाताकडे पाहिले, मग घड्याळाकडे.

"म्हणजे कापड चालतं," ते म्हणाले.

"चालतं," मास्तर म्हणाले.

"बरं. मग ठरलं." आणि मालक आपले रुंद खांदे दारातून सांभाळून बाहेर काढत निघून गेले. मागोमाग साहेब गेले. ड्रायव्हर आणि पहारेकरी काहीतरी बोलावे म्हणून थांबले, काही सुचले नाही म्हणून तेही गेले.

मास्तर यंत्राशेजारच्या खुर्चीत बसून राहिले. झुंबरने त्यांचा कोट दांडीवरून काढला, मोरीत नेला आणि गार पाण्यात बुडवला. पाण्यात ठसे एकेक करून विझले. कोट यंत्राच्या गरम वाऱ्यावर वाळवून त्याने संध्याकाळी तो मास्तरांच्या मांडीवर आणून ठेवला.

"हा तुमचा. कंपनीचा नाही, मी लिहून घेतलंय तसं साहेबांकडून."

मास्तरांनी उठून तो चढवला. झुंबर समोर उभा होता आणि आज मध्ये टेबल नव्हते. त्याने दोन्ही हात अर्धे उचलले आणि तसेच धरून ठेवले. "मास्तर, लावू का?"

"तू नको," मास्तर म्हणाले. मग त्याचे पडलेले तोंड पाहून त्यांना राहवले नाही. "तसं नाही रे, झुंबर. तुझ्या आधी एकाचा नंबर आहे. तो कधीपासून रांगेत उभा आहे."

निघताना त्यांनी बोटातले अंगुस्तान काढून टेबलावर ठेवले. बोट पांढरे पडले होते, त्यावर गोल वळ होता.

मुलाने दार उघडले. सुट्टी नसताना असा आडवारी बापाला दारात पाहून तो दचकला. "बाबा? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. इकडून चाललो होतो." इकडून कुठेच जाता येत नव्हते, रस्ता तिथेच संपत होता, हे दोघांनाही माहीत होते.

"या ना आत. ही बाहेर गेलीय, येईलच." मुलाचे हात खिशात होते. "तोच कोट घातलाय. कंपनीचा."

"माझा आहे," मास्तर म्हणाले. "आता माझा आहे तो."

"अरे वा."

पुढचे वाक्य मास्तरांनी बसमध्ये घोकले होते. ते आता येईना. बापाने पोराला असे काही म्हणायचे असते हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, आणि त्यांनीही कुणाला शिकवले नव्हते. शेवटी त्यांना येत होती तेवढ्याच भाषेत ते बोलले. मुलाकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "पाठीत कुठे ओढतोय का बघ जरा."

"मला काय कळतंय त्यातलं, बाबा? तुम्हीच मास्तर."

"डोळ्यांनी नाही कळत ते. हात लावून बघ."

मागे काहीच हालचाल झाली नाही. मास्तरांच्या समोर दाराची चौकट होती, तिचा रंग खालच्या अंगाला उडाला होता. ते तिकडे बघत राहिले.

"गिऱ्हाइकाचं नाहीये ते," ते म्हणाले. "लाव."

आधी बोटांची टोके टेकली, घाबरत. मग तळवा. मग तो हात दोन्ही खांद्यांच्या मधोमध सगळा टेकला आणि तिथेच राहिला. मुलाचा श्वास मास्तरांना मानेवर कळत होता. मास्तरांची छाती दाटून आली आणि तिच्यात कॅनव्हास नव्हता, म्हणून ती हलली. मुलाला ते हाताखाली कळले असणार. त्याने हात काढला नाही.

"नाही ओढत," बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला. "छान बसलाय."

"बरं," मास्तर म्हणाले. चहाला थांबले नाहीत. थांबले असते तर काय बोलले असते?

घरी येऊन त्यांनी दिवा लावला, कोट काढला आणि पाठ बाहेर येईल अशा बेताने खुंटीवर अडकवला. मध्यभागी एक हात होता. विटकरी, पाचही बोटे पुरी, मधलेसुद्धा. चांगला रुंद पंजा होता, मास्तरांच्या पंजाहून मोठा. एवढा कधी झाला, ते त्यांना ठाऊक नव्हते. आयुष्यभर त्यांनी गावाची मापे घेतली, हे तेवढे राहून गेले होते.

आपला तळवा त्यावर ठेवून पाहावा असे त्यांना फार वाटले. हात उचलून त्यांनी अगदी कोटाजवळ नेला. मग थांबले. त्यांचा ठसा वर बसला असता तर खालचा पुसट झाला असता.

"हात लावू नकोस," ते स्वतःलाच म्हणाले, आणि हात पाठीमागे बांधून कितीतरी वेळ कोटासमोर उभे राहिले.